काळ्या मातीवरची रिंक: इनलाइन हॉकीच्या सार्वजनिक मैदानाची दुरुस्ती आणि सुधारणा

खानदेशात कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये किंवा शाळेच्या आवारात बांधलेली स्केटिंगची रिंक खराब दिसू लागली, की वर्गणी जमते आणि त्या वर्गणीतला पहिला पैसा रंगावर जातो. दिवाळीत निळाशार दिसणारा तो रंग पुढच्या पोळ्यापर्यंत पापुद्रे धरून सुटतो, जिथे भेगा होत्या तिथेच त्या पुन्हा उमटतात आणि ‘आपल्याकडचे ऊनच असे’ म्हणून विषय मिटवला जातो. उन्हाचा दोष आहेच, पण त्याहून मोठा दोष खालच्या जमिनीचा आहे. तापी, गिरणा आणि पांझरेच्या खोऱ्यांतील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर ओतलेला काँक्रीटचा थर त्यामुळे दरवर्षी थोडा उचलला जातो आणि थोडा खाली बसतो. या हालचालीला कारण होणारे पाणी आधी आवरले नाही, तर वर केलेली कोणतीही दुरुस्ती टिकत नाही. म्हणून कामाचा क्रम पाणी, जमीन, काँक्रीट, कडेचे बोर्ड आणि सर्वांत शेवटी रंग असाच ठेवावा, आणि वर्गणी अपुरी पडली तर रंग पुढच्या वर्षावर ढकलावा.

इनलाइन हॉकीला पृष्ठभागाची इतकी काळजी का लागते, हे दुरुस्ती समितीतील न खेळणाऱ्या सभासदांनाही ठाऊक असणे बरे. या खेळात प्रत्येक बाजूला एक गोलरक्षक आणि चार खेळाडू असतात, चाके एका रांगेत असतात, आणि पक प्लास्टिकचा असून सपाट पडून घसरत जातो. जमिनीवर दोन-तीन मिलिमीटरची पायरी किंवा बारीक खडी असली, की पक उभा राहून कडेवर गडगडू लागतो आणि मग त्याला काठीने आवरता येत नाही. चाकांचे टेकणे अरुंद असल्यामुळे खेळाच्या दिशेने गेलेली रुंद भेग चाक अडकवते, आणि पडणारे मूल बहुतेक वेळा अशाच भेगेवर पडते. ४० मीटर लांब आणि २० मीटर रुंद अशी रिंक सार्वजनिक उपयोगासाठी पुरेशी असते. त्याच मापात चार चाकांच्या जुन्या पद्धतीच्या स्केटवरची रोलर हॉकीही खेळता येते, त्यामुळे नवे माप ठरवताना लांबी रुंदीच्या दुप्पट राखणे सोयीचे ठरते.

पाहणी

मृगाचा पहिला जोराचा पाऊस उघडल्यानंतरचा तास हा पाहणीसाठी वर्षातला सर्वांत उपयुक्त तास असतो. तोवर थांबणे शक्य नसेल, तर टँकर मागवून संपूर्ण रिंक ओली करावी. पाणी वाहून जायला तासभर द्यावा आणि त्यानंतरही जिथे डबके उरले असेल, त्याची कड खडूने आखून मधली खोली पट्टीने मोजावी. दोन मिलिमीटरपर्यंतचे पाणी उन्हाने आपोआप आटते. त्याहून खोल डबके मात्र दुरुस्तीच्या यादीत घालावे. वाहणारे पाणी कोणत्या बाजूला जाते, बोर्डाखाली कुठे अडते आणि बाहेर पडून कुठे मुरते, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे, कारण पुढचा बराच खर्च या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतो.

पृष्ठभाग कोरडा झाल्यावर तीन मीटर लांबीची सरळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी उभी-आडवी फिरवून तिच्याखालची फट मोजावी. तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट जिथे दिसेल, तिथे उंचवटा आहे की खोलगा, याची नोंद करावी. नंतर लोखंडी सळई किंवा हलकी हातोडी टेकवत सगळीकडे फिरावे. भरीव काँक्रीट खणखणीत वाजते आणि थर सुटलेला असेल तिथे आवाज बद्द येतो. ही सर्व माहिती चौकटींच्या कागदावर उतरवावी आणि प्रत्येक भेगेची रुंदी व तिच्या दोन्ही काठांमधील उंचीचा फरक लिहावा. एखाद्या सरावलेल्या खेळाडूला हळूहळू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पट्टे पाडत स्केटवरून फिरायला सांगितले, तर डोळ्यांना न दिसलेल्या अनेक जागा तो पायांखालून सांगतो. ठेकेदाराच्या माणसापेक्षा या खेळाडूचा नकाशा मला अधिक भरवशाचा वाटतो.

भेग स्थिरावलेली आहे की अजून हलते आहे, हे ओळखण्यासाठी तिच्यावर आडवी अशी प्लास्टर ऑफ पॅरिसची पातळ पट्टी लावावी आणि बाजूला तारीख लिहावी. पट्टी तडकली तर भेग जिवंत आहे. ही पट्टी शक्य झाल्यास उन्हाळ्याच्या अखेरीस लावून दिवाळीपर्यंत पाहावी, म्हणजे माती फुगण्याचा पूर्ण काळ त्यात येतो.

पाण्याची वाट

आठशे चौरस मीटरच्या रिंकवर ५० मिलिमीटर पाऊस पडला, की ४० हजार लिटर पाणी जमते. एवढे पाणी काठावर मुरले, तर काठाखालची माती फुगते आणि मधली माती कोरडीच राहते. काठ वर उचलला जातो आणि काठापासून काही अंतरावर, त्याला समांतर अशी लांब भेग पडते. चारही बाजूंनी अशा भेगा असलेली रिंक दिसली, तर सिमेंटच्या दर्जाला बोल लावण्याआधी कडेची जमीन पाहावी.

उघड्या रिंकला एकाच बाजूला आणि सलग एकसारखा उतार असावा. रुंदीच्या दिशेने २०० ला १ असा उतार दिला, तर २० मीटरमध्ये १० सेंटिमीटरचा फरक पडतो. तो खेळाडूंना फारसा जाणवत नाही आणि पाणीही वाहते. मधोमध उंच ठेवून दोन्ही बाजूंना उतार देण्याची सवय अनेक गवंड्यांना असते, कारण रस्ता तसा करतात. हॉकीच्या रिंकवर मात्र त्यामुळे प्रत्येक पास बोर्डाकडे ओढला जातो. लांबीच्या दिशेने उतार दिल्यास एका संघाला चढावर खेळावे लागते, म्हणून तोही टाळावा.

उताराच्या बाजूला बोर्डाच्या बाहेर किमान ३० सेंटिमीटर रुंदीची पक्की गटार बांधून तिच्यावर जाळी बसवावी आणि ती नाल्यापर्यंत किंवा सार्वजनिक गटारीपर्यंत न्यावी. उरलेल्या तिन्ही बाजूंना सव्वा ते दीड मीटर रुंदीचा काँक्रीटचा किंवा फरशीचा पट्टा करावा आणि त्याचा ढाळ बाहेरच्या दिशेला ठेवावा. हा पट्टा प्रेक्षकांना बसायला उपयोगी पडतो, पण त्याचे खरे काम काठाखालची माती वर्षभर सारख्या ओलाव्यात ठेवण्याचे आहे. पट्टा आणि रिंक यांच्यामधला सांधा सीलंटने, म्हणजे फट बुजवणाऱ्या लवचीक पदार्थाने, बंद करावा, नाही तर पाणी नेमके तिथूनच खाली उतरते.

यावल-रावेर पट्ट्यात भूजलाची पातळी खोल गेल्यापासून पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्याची कल्पना सर्वांनाच पटते, आणि ती योग्यही आहे. फक्त शोषखड्डा रिंकच्या काठाला लागून घेऊ नये. पाणी पाइपने निदान सहा-सात मीटर दूर नेऊन, तेही उताराच्या बाजूला, मुरवावे. पाइप जळगावात सहज आणि रास्त भावात मिळतो, तेव्हा त्या बाबतीत काटकसर करण्याचे कारण नाही. पिण्याच्या पाण्याचा गळका नळ, बोर्डाला चिकटून केलेले फुलझाडांचे वाफे आणि हौसेने रोज पाणी दिली जाणारी हिरवळ यांचा परिणामही पावसासारखाच होतो. वाफे हलवावेत. मोठ्या झाडांचे उलट असते: ती उन्हाळ्यात मुळांवाटे माती कोरडी करतात आणि त्या कोपऱ्यातली जमीन खचते. झाड तोडू नये. नवे झाड मात्र ते पूर्ण वाढल्यावर जेवढे उंच होईल, निदान तेवढ्या अंतरावर लावावे. बोर्डाशेजारचा कडुनिंब सावलीपुरता कितीही प्रिय असला, तरी जून-जुलैत त्याच्या पिकलेल्या निंबोळ्या चाकांखाली चिरडून जमीन निसरडी करतात, आणि त्या दिवसांत रोज झाडूनही काम संपत नाही.

जमीन आणि काँक्रीट

जुना थर पूर्ण काढून नवा घालण्याची वेळ आली असेल, तर खालची काळी माती ६० ते ९० सेंटिमीटरपर्यंत उकरून बाहेर टाकावी आणि तिच्या जागी चांगला मुरूम भरावा. मुरूम एकदम ओतून वरवर रोलर फिरवण्यात अर्थ नाही. १५ ते २० सेंटिमीटरचा थर, त्यावर पाणी, मग रोलर आणि मग पुढचा थर, असे टप्प्याटप्प्याने करावे. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा दाबलेला थर दिला, तर खालचे फुगणे आवरले जाते, हे मुंबईच्या आयआयटीतील प्रा. आर. के. कट्टी यांनी संशोधनाने दाखवले आणि कालव्यांच्या अस्तरीकरणात ती पद्धत वापरली गेली. त्यामुळे अगदी भुसभुशीत, नुसत्या खड्यांचा मुरूम निवडण्यापेक्षा थोडा चिकटपणा असलेला मुरूम घ्यावा. निव्वळ वाळूचा भराव टाळावा, कारण काळ्या मातीतल्या खड्ड्यात भरलेली वाळू पाणी साठवून ठेवते.

जुना थर ठेवायचा की काढायचा, याचा निर्णय नकाशा समोर ठेवून घ्यावा. भेगा असूनही दोन्ही काठ एका पातळीत असतील आणि बद्द आवाजाच्या जागा तुरळक असतील, तर दुरुस्तीवर भागते. तुकडे सुटे होऊन एकमेकांच्या वर-खाली झाले असतील, तर त्यांवर ५० मिलिमीटरचा पातळ थर चढवणे म्हणजे पैसा वाया घालवणे होय, कारण खालची प्रत्येक भेग वर्षभरात वर येते. अशा वेळी जुन्या थरावर प्लास्टिकचा जाड कागद अंथरून त्यावर किमान १०० मिलिमीटरचा स्वतंत्र थर ओतावा, म्हणजे वरचा थर खालच्याला न चिकटता मोकळा राहतो. आठशे चौरस मीटरला त्यासाठी ८० घनमीटर काँक्रीट लागते, आणि ते एका दिवसात न ओतता पट्ट्यापट्ट्याने ओतणे सोयीचे असते. पट्टे उताराच्या दिशेला समांतर घ्यावेत. कडांना पोलादी चॅनेल लावून त्यांची पातळी पाण्याच्या नळीने किंवा ऑटो लेव्हलने तपासावी, कारण संपूर्ण पृष्ठभागाचा सपाटपणा या चॅनेलवर ठरतो.

ट्रिमिक्स पद्धतीने, म्हणजे ओतलेल्या काँक्रीटमधले जादा पाणी पंपाने ओढून आणि वरून पॉवर ट्रॉवेल फिरवून केलेला थर, रिंकसाठी उत्तम. घोटताना वरून कोरडे सिमेंट भुरभुरण्याची पद्धत मात्र ठामपणे थांबवावी. पृष्ठभाग त्या दिवशी आरशासारखा दिसतो आणि वर्षभरात त्यावर जाळीदार चिरा पडून धूळ सुटू लागते. तीच धूळ चाकांच्या बेअरिंगमध्ये जाते. काँक्रीट पुरेसे घट्ट होताच, साधारणतः त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, कटरने सांधे कापावेत. त्यांची खोली थराच्या जाडीच्या किमान चौथ्या हिश्शाइतकी आणि १०० मिलिमीटरच्या थरात दोन सांध्यांमधले अंतर सुमारे तीन मीटर असावे. उन्हाळ्यात सांधे कापायला एक दिवस उशीर झाला, तर काँक्रीट आपल्या मनाप्रमाणे सांधे पाडून घेते.

पाणी मारण्याच्या बाबतीत आयएस ४५६ या भारतीय मानकात उष्ण व कोरड्या हवेसाठी किमान १० दिवस सांगितले आहेत आणि राख मिसळलेल्या सिमेंटसाठी ते १४ दिवसांपर्यंत वाढवावेत, अशी शिफारस आहे. बाजारात मिळणारे पीपीसी सिमेंट राख मिसळलेलेच असते, तेव्हा दोन आठवडे गृहीत धरावेत. सकाळ-संध्याकाळ नळीने पाणी उडवणे पुरेसे नसते, कारण भुसावळकडच्या उन्हात ते अर्ध्या तासात उडून जाते. कडेने मातीचे आळे करून पाणी साठवावे, किंवा ओली गोणपाटे अंथरून त्यांवर प्लास्टिक टाकावे. चाळीस अंशांपुढच्या हवेत काँक्रीट ओतण्याचा आग्रह धरू नये. अक्षयतृतीयेच्या सुमारास पाणीही कमी असते आणि ऊनही टिपेला असते. त्यामुळे आपल्याकडे हे काम दिवाळीनंतर सुरू करून महाशिवरात्रीपर्यंत उरकणे सर्वांत चांगले.

भेगा आणि खड्डे

केसासारख्या बारीक, न हलणाऱ्या भेगांना वेगळे काही करावे लागत नाही. रंगाचा थर त्यांना झाकतो. तीन मिलिमीटरपर्यंतच्या स्थिर भेगा स्वच्छ करून त्यांत पातळ इपॉक्सी सोडावे. हलणाऱ्या भेगेत इपॉक्सी भरू नये, कारण ते काँक्रीटपेक्षाही कठीण होते आणि भेग शेजारी दुसरी वाट शोधते. अशी भेग कटरने साधारण १० मिलिमीटर रुंद आणि काटकोनी करावी, ब्लोअरने धूळ काढावी, तळाशी फोमची दोरी, म्हणजेच बॅकर रॉड, दाबून बसवावी आणि वर पॉलियुरेथेन सीलंट भरावे. दोरीमुळे सीलंट फक्त दोन्ही भिंतींना चिकटते, तळाला नाही, आणि त्यामुळे ते मोकळेपणाने ताणले जाते.

इथे ऋतूचा हिशेब ठेवावा लागतो. हिवाळ्यात काँक्रीट आक्रसलेले असते आणि सांधे उघडलेले असतात; त्या वेळी सीलंट काठोकाठ भरले, तर मे महिन्यात सांधा मिटताना ते वर उचलून येते आणि चाकांना उंबरठा लागतो. म्हणून डिसेंबर-जानेवारीत भरताना ते पृष्ठभागाच्या एक-दोन मिलिमीटर खाली ठेवावे. सांध्यांत डांबर भरण्याची जुनी पद्धत रस्त्यापुरती ठीक आहे. रिंकवर ते उन्हाने पातळ होते, चाकांना चिकटते आणि चाकांबरोबर सगळ्या मैदानावर पसरते.

खड्ड्यांची दुरुस्ती बिघडते ती बहुधा काठांवर. खड्ड्याच्या भोवती कटरने चौकोन कापून आतले सुटे काँक्रीट छिन्नीने काढावे, आणि काठ सरळ उभा व किमान १० ते १५ मिलिमीटर खोल ठेवावा. शून्यापर्यंत पातळ होत गेलेला काठ चाकांखाली हमखास उचकटतो. खड्डा धुऊन ओलसर करावा, पण त्यात पाणी साचू देऊ नये. एसबीआर लेटेक्स, म्हणजे पकड वाढवणारे रबरी द्रव, आणि सिमेंट यांची खळ ब्रशने लावावी, आणि ती ओली असतानाच लेटेक्स मिसळलेला एकास तीन प्रमाणाचा मसाला भरून घोटावा. डबक्यांच्या जागी, जिथे काही मिलिमीटरच भर हवी असते, तिथे तयार मिळणारे पॉलिमरयुक्त लेव्हलिंग मिश्रण वापरावे आणि त्याआधी शेजारचे उंचवटे ग्राइंडरने उतरवून घ्यावेत. अनेकदा उंचवटा काढल्यावर डबके आपोआप मोकळे होते आणि भर घालावीच लागत नाही. ग्राइंडिंग ओले करावे, किंवा धूळ ओढणारे यंत्र जोडावे. काँक्रीटची बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते, आणि रुमाल बांधून काम करणाऱ्या मजुराला योग्य मास्क देणे ही समितीची जबाबदारी आहे.

कडेचे बोर्ड

बोर्डांची उंची सुमारे एक मीटर असावी आणि कोपरे गोल असावेत. काटकोनी कोपऱ्यात पक अडकतो आणि खेळाडू भिंतीवर सरळ आदळतात. जुन्या रिंकमध्ये फक्त चार कोपरे गोल करून घेतले, तरी खेळ बदललेला जाणवतो. सांगाडा चौकोनी लोखंडी नळ्यांचा करून तो रिंकच्या काँक्रीटमध्ये न रोवता बाहेरच्या पट्ट्यात रोवावा, म्हणजे बोर्डावर बसलेल्या धडकेने रिंकची कड फुटत नाही. आतून १८ किंवा १९ मिलिमीटरचा आयएस ७१० दर्जाचा मरीन प्लाय लावता येतो, पण त्याच्या कापलेल्या कडा रंगाने पूर्ण बंद केल्या नाहीत, तर दोन पावसाळ्यांत तो फुगतो. एचडीपीईचे, म्हणजे टणक प्लास्टिकचे, पत्रे महाग असले, तरी उघड्यावर तेच टिकतात. ते घेताना अतिनील किरणांपासून संरक्षण असलेलेच घ्यावेत.

एचडीपीई उन्हाने बरेच वाढते. हिवाळ्यातल्या पहाटेच्या आणि मेमधल्या दुपारच्या तापमानात ५० अंशांचा फरक धरला, तर २.४ मीटरचा पत्रा सुमारे दीड सेंटिमीटर लांबतो. त्यामुळे बोल्टची भोके गोल न पाडता लांबट पाडावीत, पत्र्यांच्या मध्ये फट ठेवावी आणि बोल्ट अगदी करकचून आवळू नयेत. हे न केल्यास पत्रा उन्हाळ्यात पोट काढतो. बोल्टची डोकी आतल्या बाजूला पृष्ठभागात बुडालेली आणि नट बाहेरच्या बाजूला असावेत. बोर्डाच्या खालची फट १० ते १२ मिलिमीटर ठेवावी. पकची जाडी २५ मिलिमीटर असल्यामुळे तो तिथून जात नाही, काठीचे पाते अडकत नाही, आणि पाण्याला मात्र वाट मिळते. दार बाहेरच्या बाजूला उघडणारे असावे, आणि निदान एक दार स्ट्रेचर नेता येईल इतके रुंद ठेवावे.

गोलच्या मागे तीन-चार मीटर उंचीची नायलॉनची जाळी लागते. स्वस्त म्हणून हिरवी शेडनेट लावू नये. पावसाळ्याआधीच्या वादळात तिच्यात वारा भरतो आणि खांबच वाकतात.

रंग आणि रेषा

नव्या काँक्रीटला २८ दिवस झाल्याशिवाय रंगाला हात लावू नये. त्यानंतरही ओल तपासण्यासाठी ४५ सेंटिमीटर चौकोनी प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर, निदान १६ तास, ठेवावा. खाली दव जमले किंवा काँक्रीट काळवंडले, तर अजून थांबावे. पृष्ठभाग हलका खरवडून झाडून घ्यावा. टेनिस कोर्टसाठी वापरतात तो अ‍ॅक्रिलिकचा थर इथेही चालतो, पण त्यातली वाळू कमी आणि बारीक हवी, कारण खरबरीत थर चाके झिजवतो आणि पडलेल्या मुलाचे गुडघे सोलतो. ऑइल पेंट वापरू नये. तो थोड्या दवानेही घसरडा होतो आणि खालची ओल अडवल्यामुळे फुगून सुटतो.

दोन पातळ थर एकमेकांना आडवे द्यावेत. हिवाळ्यातही सकाळी दव पूर्ण उडाल्यावर सुरुवात करून दुपारी चारच्या सुमारास थांबावे. रंग फिकट निवडावा, फिकट निळा किंवा राखाडी, कारण गडद हिरवा पृष्ठभाग संध्याकाळी सातपर्यंत गरम राहतो. रेषाही अ‍ॅक्रिलिकनेच माराव्यात. रस्त्यावर पांढरे पट्टे मारणारा ठेकेदार ओळखीचा असतो आणि स्वस्तात करतो म्हणतो, पण त्याचा गरम करून ओतलेला पट्टा दोन-तीन मिलिमीटर जाड असतो आणि त्यावर पक उडतो.

दिवे आणि इतर वापर

उन्हाळ्यात खेळ अंधार पडल्यावरच शक्य असल्याने दिवे ही चैन नाही. खांब लांब बाजूंना, बोर्डाच्या बाहेर उभारावेत. गोलच्या मागे दिवा असेल, तर समोरचा गोलरक्षक आंधळा होतो. तारा जमिनीखालून पाइपमधून न्याव्यात, प्रत्येक खांबाला अर्थिंग द्यावे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, बसवावा. ओल्या जमिनीवर खेळणारी मुले आणि बोर्डांचा लोखंडी सांगाडा यांचा विचार करता यात तडजोड नको.

सार्वजनिक रिंक फक्त हॉकीसाठी राहत नाही, हे आधीच मान्य करावे. लग्नाचा मांडव, गणपतीची आरास, उन्हाळ्यात बिबडे, पापड आणि मिरच्यांचे वाळवण हे सगळे त्या सपाट जागेवर येणारच, आणि ते बंद पाडण्याचा प्रयत्न केला तर रिंकला विरोधकच वाढतात. वाळवणाने काही बिघडत नाही. नंतर झाडून घेतले म्हणजे झाले. मांडवाचे खांब मात्र जमिनीत पहारीने भोके पाडून उभे करतात, आणि रिंकचे सर्वांत मोठे नुकसान तिथेच होते. यावर उपाय म्हणून बाहेरच्या पट्ट्यात ठरावीक अंतरावर झाकणासहित लोखंडी नळ्या कायमच्या बसवाव्यात, म्हणजे खांब त्यांत उभे राहतात. आत खांब हवाच असेल, तर काँक्रीट भरलेल्या डब्यावर, खाली रबर घालून ठेवावा. मोटारसायकल आणि मालवाहू रिक्षा आत येऊ नये, म्हणून रुंद दाराला कुलूप ठेवावे आणि किल्ली एकाच माणसाकडे न ठेवता दोघांकडे द्यावी.

खर्चासाठी जागा कोणाच्या नावावर आहे, हे आधी पाहावे. ओपन स्पेस नगरपरिषदेच्या किंवा महापालिकेच्या ताब्यात असेल, तर ठराव आणि लेखी परवानगी मिळाल्याशिवाय काम सुरू करू नये. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे क्रीडांगण विकासाच्या अनुदानाची, आणि आमदार व खासदार यांच्या स्थानिक विकास निधीची चौकशी करावी. दोन्हीकडे नकाशा आणि नोंदी जोडलेला अर्ज लवकर पुढे सरकतो. ठेकेदाराशी करार करताना उतार, सपाटपणाची तीन मिलिमीटरची मर्यादा, सांध्यांतील अंतर आणि पाणी मारण्याचे दिवस हे सर्व लेखी असावे. शेवटच्या बिलाचा काही भाग पुढचा पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवण्याची अट त्यात घालावी, आणि मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला, की ठेकेदाराला समोर उभे करून खडूची तीच चाचणी पुन्हा घ्यावी.